कंपनीच्या यादीबाहेरचं लिनक्स

अंधेरीच्या एमआयडीसीतले कितीतरी जुने गाळे आता ऑफिसं झाले आहेत. मरोळ, साकीनाका, चांदिवली या पट्ट्यात तर कुठल्या इमारतीत कारखाना होता आणि कुठल्या इमारतीत सर्व्हर आहेत, हे बाहेरून ओळखू येत नाही. अशा ऑफिसांच्या मागच्या खोलीत, रात्रंदिवस चालणाऱ्या एसीखाली, एक ठेंगणं, रुंद, विलक्षण जड कपाट अजूनही भेटतं. एचपीचं सी७००० ब्लेड चेसिस. बाजारात आलं २००६ साली. उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर, पण पूर्ण भरल्यावर वजन दोनशे किलोच्या वर. आत सोळा अर्ध्या उंचीचे सर्व्हर उभे सरकवायचे, मागे दहा पंखे, खाली सहा पॉवर सप्लाय.

चाळीत बिऱ्हाडं वेगळी आणि नळ सामाईक, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक ब्लेडला स्वतःचे प्रोसेसर, मेमरी, दोन छोट्या डिस्क; वीज, हवा आणि नेटवर्क मात्र चेसिसकडून. कल्पना एचपीची नव्हे. अमेरिकेतल्या आरएलएक्स या छोट्या कंपनीने २००१ मध्ये रॅकच्या तीन यू उंचीत चोवीस ब्लेड बसवून दाखवले होते. पुढे २००५ मध्ये एचपीने ती कंपनीच विकत घेतली.

महाराष्ट्राने या यंत्राचं खरं बळ पाहिलं ते २००७ च्या नोव्हेंबरात. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला ‘एका’ हा महासंगणक जगातल्या पहिल्या पाचशेच्या यादीत चौथा आला. त्याचा वेग ११७.९ टेराफ्लॉप्स मोजला गेला होता, आणि तो बनला होता एचपीच्या बीएल४६०सी ब्लेडचा, लिनक्सवर चालणारा. अंधेरीच्या मागच्या खोलीत जे ब्लेड दिसतं, ते त्याच घराण्यातलं. अशाच एका ऑफिसात माझ्यासमोर जे चेसिस होतं त्यात जी६ पिढीचे ब्लेड होते, २००९ सालच्या नेहालेम प्रोसेसरचे.

मोठ्या कंपन्या पाच-सात वर्षांत यंत्रं बदलतात आणि जुनी लॉटने विकतात. साधा रॅक सर्व्हर टेबलावर ठेवून साध्या प्लगवरही चालवता येतो. ब्लेडचं तसं नाही. चेसिस नसेल तर ते नुसतं लोखंड. म्हणून जुन्या बाजारात ब्लेडला भाव नसतो, आणि म्हणूनच ज्याच्याकडे चेसिस आहे, जागा आहे आणि शिकायची तयारी आहे, त्याला ते जवळजवळ फुकटात पडतं. अडचण पुढे सुरू होते. त्यावर घालायचं काय?

या ब्लेडच्या अधिकृत यादीत त्या काळचं रेड हॅट, सुसे, विंडोज, व्हीएमवेअर आहे. त्या आवृत्त्यांचे सुरक्षा अपडेट केव्हाच थांबले. आज जे लिनक्स घालावंसं वाटतं, म्हणजे रॉकी, अल्मा किंवा नवं डेबियन, ते या यंत्राबरोबर कोणत्याही कंपनीने तपासलेलं नाही. बिघडलं तर फोन लावायला कोणी नाही. हे काम करणारी माणसं मला याच कारणासाठी आवडतात: फोन लावायची सोयच नसल्यामुळे त्यांना यंत्र मुळापासून समजून घ्यावं लागतं.

एका ब्लेडवर रॉकी ८ घालताना मी शेजारी बसून पाहिलं. ब्लेडला सीडी ड्राइव्ह नाही, मागे मॉनिटरचं पोर्ट नाही. समोर एकच अरुंद पोर्ट, त्याला तीन तोंडांची खास केबल लागते, आणि ती केबल लॉटबरोबर कधीच येत नाही. मग आयएलओचा आधार. हा ब्लेडच्या आत बसवलेला स्वतंत्र छोटा संगणक. ब्लेड बंद असलं तरी तो जागा असतो आणि ब्राउझरमधून पडदा दाखवतो. पण जी६ वरचा आयएलओ दुसऱ्या पिढीचा. त्याचं जुनं एन्क्रिप्शन आजचे ब्राउझर झिडकारतात आणि त्याचा कन्सोल जावावर चालतो. म्हणून इथल्या अ‍ॅडमिनने केवळ या एका कामासाठी जुनी विंडोज आणि जुना ब्राउझर असलेलं व्हर्च्युअल मशीन जपून ठेवलेलं आहे, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून.

आधी एफ८ दाबून अ‍ॅरे कंट्रोलरमध्ये शिरायचं. पी४१०आय हा कंट्रोलर डिस्क सरळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देत नाही. एकेकट्या डिस्कचंही लॉजिकल ड्राइव्ह बनवावं लागतं. ते झालं. इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा निवडली, आणि हाताखालचा मुलगा म्हणाला, “सर, डिस्कच दिसत नाहीये.”

दिसणारच नव्हती. रेड हॅटने २०१९ मध्ये आवृत्ती ८ काढली तेव्हा एचपीएसए नावाच्या ड्रायव्हरमधून जुन्या कंट्रोलरांचे क्रमांक वगळले. मूळ लिनक्स कर्नलमध्ये ते आहेत, कोड शाबूत आहे. फक्त रेड हॅटच्या बांधणीत या कार्डाची ओळख पुसलेली. रॉकी ही रेड हॅटचीच हुबेहूब पुनर्बांधणी, म्हणून तिथेही पुसलेली. यावर उतारा इएलरेपो या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने करून ठेवला आहे: वगळलेल्या क्रमांकांसकट बांधलेला ड्रायव्हर, छोट्या डिस्क-इमेजच्या रूपात. बूट करताना ‘इन्स्ट.डीडी’ लिहून तिचा पत्ता द्यायचा.

तो पत्ता नेटवर्कवरचा द्यायचा होता. म्हणजे डिस्क दिसायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेटवर्क हवं. या ब्लेडवर नेटवर्कची दोनच पोर्टं, पण फ्लेक्स-१० मॉड्यूल एकेका पोर्टाचे चार तुकडे करून दाखवतं, त्यामुळे लिनक्सला आठ कार्डं दिसतात. त्यातल्या ज्यांना चेसिसमध्ये जोडणी नेमून दिलेली असते तीच जिवंत. अ‍ॅडमिनने चेसिसच्या प्रोफाइलमधून अशा जिवंत कार्डाचा मॅक पत्ता वहीत उतरवला, तो बूटच्या ओळीत हाताने टाकला, आणि सगळं पुन्हा सुरू केलं. या वेळी डिस्क दिसली. मुलाने ती अख्खी ओळ वहीत लिहून घेतली. उरलेल्या ब्लेडना तीच लागणार होती, फक्त मॅक पत्ता बदलून.

डेबियनवाल्यांची वाट वेगळी. तिथे डिस्क दिसते, पण या ब्लेडच्या ब्रॉडकॉम नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर मुक्त परवान्याचं नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नव्हतं. वेगळं आणून द्यावं लागायचं. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काहीजण नाराज झाले. माझ्या मते निर्णय योग्यच होता. ज्याच्या हाती जुनं यंत्र आहे त्याला पहिल्याच पायरीवर अडवून मुक्त सॉफ्टवेअरचं काही भलं होत नव्हतं.

इन्स्टॉल झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळेलच असं नसतं. न पाहता अपडेट मारला तर पुढच्या बूटला डिस्क पुन्हा गायब होऊ शकते. म्हणून इथे आधी एका ब्लेडवर अपडेट, ते नीट उठलं की मगच बाकीच्यांवर. फर्मवेअरची अडचण वेगळी: २०१४ च्या फेब्रुवारीपासून एचपीने बरंचसं सर्व्हर फर्मवेअर वॉरंटी किंवा करार असलेल्यांपुरतंच ठेवलं.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं प्रत्येक कार्ड प्रत्येक आवृत्तीवर तपासत बसायला माणसं आणि पैसा लागतो. पण २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस ८ चं, म्हणजे रेड हॅटच्या तेव्हाच्या मोफत पुनर्बांधणीचं, आयुष्य २०२१ च्या अखेरीस संपवण्याचं जाहीर झालं, तेव्हा छोट्या ऑफिसांच्या पायाखालची जमीन सरकली. तेच ८ आधी २०२९ पर्यंत चालणार होतं. त्यातून २०२१ मध्ये रॉकी आणि अल्मा उभी राहिली. अल्माने पुढे हुबेहूब नक्कल सोडून स्वतःची वाट धरली आणि २०२४ मधल्या ९.४ या आवृत्तीत रेड हॅटने वगळलेली बरीच जुनी कार्डं परत घेतली, एचपीएसएची धरून. दहाव्या आवृत्तीत रेड हॅटने प्रोसेसरची किमान पायरी इतकी वर नेली की नेहालेम बाहेर पडला. अल्माने त्या जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी बांधणी दिली. हे उपकार नव्हेत. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत, त्यांनीच एकमेकांसाठी केलेलं हे काम आहे.

मुंबईच्या उपनगरात असं काम नवं नाही. जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आता सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणायचं काम झालं, र. कृ. जोशींचा ‘रघु’ हा देवनागरी फॉन्ट तिथूनच मुक्त परवान्याने बाहेर पडला. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. ज्याला शिकायचंय त्याला सुरुवात करायला दार उघडं आहे.

विजेचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. अर्धं भरलेलं चेसिस दीड किलोवॅट ओढतं असं धरलं तर दिवसाला ३६ युनिट, महिन्याला हजाराच्या वर, आणि एसीचं बिल वेगळं. अंधेरी असो की मुलुंड, व्यावसायिक दराने हे परवडणारं नाही. इथल्या ऑफिसात म्हणूनच रोजच्या कामाला चारच ब्लेड चालू असतात. बाकीचे चाचणीपुरते उठवतात. एका नव्या सर्व्हरवर हे सगळं काम कमी विजेत होईल, हे ते स्वतःच सांगतात. दवाखान्याच्या नोंदी किंवा पगाराचा हिशेब अशा यंत्रावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकण्यासाठी मात्र याच्याइतकं चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही. क्लाउडवर बटण दाबून सर्व्हर घेणाऱ्या मुलाला कंट्रोलर, फर्मवेअर, ड्रायव्हर, मॅक पत्ता या गोष्टी कधी भेटतच नाहीत.

म्हणून जुनी यंत्रं काढणाऱ्या कंपन्यांना एक विनंती. चेसिस एखाद्या कॉलेजला देणार असाल तर डिस्क जरूर पुसा, पण आयएलओचे पासवर्ड मूळ स्थितीत आणून द्या, करार संपण्याआधी शेवटचं फर्मवेअर चढवा, ती तीन तोंडांची केबल शोधून बरोबर ठेवा, आणि रिकाम्या खणांची झाकणं फेकू नका. ती नसतील तर हवा भलतीकडून निघून जाते आणि चालू ब्लेड तापतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेवढं केलंत तर समोरच्या मुलांचे काही आठवडे वाचतील.