बोका पिचकारी मारू लागला तर

मांजर आपल्या घरांना नवं नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या नावाचा अर्थच ‘मांजरीच्या पिल्लाचे वडील’ असा. मांजरानं तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही, ती घरात फिरणाऱ्यांपैकीच आहे, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण तोच लाडका बोका सात-आठ महिन्यांचा होतो आणि एके दिवशी दारामागे खुंटीवर टांगलेल्या जानमाजवर पिचकारी मारतो, तेव्हा सगळा लाड आटतो. मूत्र नापाक, शिवाय तो उग्र वास. दोन-तीनदा असं झालं की कुणीतरी त्याला पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येतं. घरात वाढलेलं जनावर तिथल्या कुत्र्यांपुढे किती दिवस टिकणार?

सोडण्याआधी एक पाहा. तो बसून मुततो की उभ्यानं? बसून, जमिनीवर, भरपूर केलं असेल तर बहुधा त्याची पाटी घाण आहे, किंवा दुखणं आहे. पिचकारी वेगळी. बोका भिंतीकडे किंवा सोफ्याकडे पाठ करतो, शेपटी ताठ उभी करून थरथरवतो आणि थोडंसंच उडवतो. ‘ही जागा माझी’ अशी ती खूण असते. रागावून सूड घेतला, असं आपण म्हणतो, त्यात काही तथ्य नाही. म्हणून मारणं किंवा त्याचं नाक तिथे घासणं व्यर्थ. घाबरलेलं मांजर जास्तच खुणा करतं.

बोका पुन्हापुन्हा पाटीवर बसतो, जोर करतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर मात्र सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

पिचकारीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खस्सी करणं. दहापैकी साधारण नऊ बोक्यांची सवय त्यानं सुटते किंवा खूप कमी होते, कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी. पाच-सहा महिन्यांच्या वयात, सवय लागण्याआधी केलं तर उत्तम. भाटीही कधीकधी पिचकारी मारते, पण कमी. इथे अनेकांना प्रश्न पडतो की हे जायज आहे का? हनफी फिक्हमध्ये फायद्यासाठी किंवा त्रास टाळण्यासाठी मांजर खस्सी करायला वाव आहे. शाफई मत याबाबत कडक आहे, आणि कोकणातली बरीच घरं शाफई आहेत. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. विचारताना बोक्याला घराबाहेर काढण्याची पाळी आली आहे, हेही सांगावं.

साफसफाईत आपल्या बायका फिनाईलची बाटली उचलतात. ते मांजराला विषारी आहे. अमोनियाच्या वासाचे क्लीनर तर त्याला दुसऱ्या मांजराच्या मुतासारखे वाटतात, मग तो त्यावर आपली खूण करतो. ब्लीच मुतावर पडला की घातक वायू निघतो. आधी साध्या पाण्यानं धुवा, कोरड्या फडक्यानं टिपा, मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं द्रावण लावून आपोआप वाळू द्या. मात्र वास गेला म्हणजे पाक झालं असं नाही. जानमाज पाण्यानं तीनदा धुऊन, दरवेळी पिळून घ्या, आणि पुढे कपाटात ठेवा. खुंटीवर कशाला?

खस्सी करूनही दहातला एखादा बोका थांबत नाही. तेव्हा खिडकीकडे पाहा. बाहेरचा बोका कठड्यावर येऊन बसत असेल तर आतला बेचैन होतो. काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवा, बाहेर खाणं ठेवणं बंद करा. घरात दोन मांजरं असतील तर वाळूच्या तीन पाट्या हव्यात, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, जेवणापासून दूर, रोज साफ केलेल्या. जिथे पिचकारी मारतो ती जागा नीट धुऊन तिथेच त्याची जेवणाची ताटली ठेवा. जेवायच्या जागी मांजर सहसा खूण करत नाही. नवं बाळ, पाहुणे, घर बदलणं, रंगकाम यांनीही सुरू होतं. तेवढ्यानंही भागलं नाही तर डॉक्टरांकडे औषधं असतात. ती त्यांच्या सल्ल्यानंच द्यावीत, माणसांच्या गोळ्या नाहीत.