गटाचे पैसे

तुटपुंज्या मिळकतीत संसार चालविणाऱ्या स्त्रियांसाठी काटकसरीच्या साप्ताहिक सवयींवर काहीतरी उपयुक्त लिहावे, अशी संपादकांची फर्माईश होती. आणि उपयुक्त लेखनाविषयी माझ्या मनात जी एक जुनी अढी आहे ती तात्पुरती बाजूस सारून मी जोगेश्वरी पूर्वेची वाट धरली. संपादकांना जी यादी हवी होती ती तेथे नळावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या कोणत्याही बाईस मुखोद्गत आहे. स्टेशनपासून मेघवाडीपर्यंत शेअर रिक्षा न करता चालत यावे, भाजी रात्री हातगाडी उठण्याच्या सुमारास घ्यावी, मुलाची पुस्तके वरच्या इयत्तेतील शेजाऱ्याकडून आधीच सांगून ठेवावीत, वाण्याच्या वहीत उधारी लिहू द्यावी पण वहीचे पान उलटू देऊ नये. यांत भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते, आणि या स्त्रियांना काटकसरीचा उपदेश करण्यास जे जातात त्यांच्या धाडसाचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. मला जाणून घ्यावयाचे होते ते याच्या पुढचे. सोमवारी वाचविलेली वीस रुपयांची नोट शनिवारपर्यंत टिकते कशी?

सहाव्या शतकातील शैव लेणे जिच्या पोटात आहे त्या टेकडीच्या अंगाखांद्यावर, माजास, मेघवाडी, प्रतापनगर अशा नावांनी पसरलेली ही वस्ती. कोकणातून आलेल्या कुटुंबांचा येथे भरणा मोठा. पुरुष लघुउद्योगांच्या गाळ्यांत, रिक्षांवर, कुठे पहारेकरी म्हणून, आणि स्त्रिया अंधेरी-पवईच्या सोसायट्यांत पोळ्या लाटावयास वा धुणीभांडी करावयास, किंवा घरबसल्या नगावर मिळणारे काम करीत. मिळकत कुणाची रोजाची, कुणाची आठवड्याची, कुणाची महिन्याची. खर्च मात्र जूनमध्ये शाळा उघडताना आणि भाद्रपदात गणपतीला गावी जाताना एकदम अंगावर येतो.

वाचविलेल्या पैशाचा शत्रू उधळपट्टी हा आहे, असे मध्यमवर्गीय समजूत सांगते. येथे तसे नाही. येथे त्याचा शत्रू म्हणजे नात्याचा हक्क. दिराची फी, नणंदेच्या मुलाचे बारसे, नवऱ्याच्या मित्राची निकड, शेजारणीचे ‘उद्या देते’. यांतील एकही मागणी अन्याय्य नसते आणि म्हणूनच एकीलाही नाही म्हणता येत नाही. यावरचा परंपरागत उपाय गुप्ततेचा. तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी, देव्हाऱ्यातील तसबिरीमागे, जुन्या पैठणीच्या घडीत नोट ठेवावयाची. परंतु गुप्त धनाचे दुर्दैव असे की ते सापडले म्हणजे त्याचा कोणी मालक उरत नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा घरोघरी बायकांनी वर्षानुवर्षे लपविलेले पैसे स्वतःच्याच हातांनी उजेडात आणून, ते बँकेत भरण्यासाठी नवऱ्याच्या वा मुलाच्या स्वाधीन केले. त्यांतील किती परत आले याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

दुसरा उपाय भिशीचा. दहाजणींनी महिन्याला पाचशे काढावेत, चिठ्ठी टाकावी, आणि जिचे नाव निघेल तिने पाच हजार घेऊन जावे. कायद्याच्या दृष्टीने हा चिट फंडच. 1982 च्या अधिनियमातून सूट मिळण्याची मर्यादा अवघी शंभर रुपये होती, ती ठरविण्याचा अधिकार 2019 च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना मिळाला, तेव्हा कुठे बायकांच्या लहानशा भिशीवरील बेकायदेशीरपणाची छाया दूर होण्याची वाट मोकळी झाली. भिशीत सचोटी असते, गंमत असते, चहाही असतो. नसते ती एकच गोष्ट. मूल तापाने फणफणले असताना चिठ्ठी आपलीच निघेल याची शाश्वती नसते.

तिसरा उपाय बचत गटाचा. त्याचा अधिकृत इतिहास अहवालांतून विपुल आढळतो, म्हणून येथे थोडक्यात. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना 24 फेब्रुवारी 1975 ची. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभारून बँकेच्या कर्जाची वाट त्यांना मोकळी केली. 1992 मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, आणि पुढे ती चळवळ गावोगाव पसरली. माणदेशात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये स्त्रियांची सहकारी बँक उभी केली. तिचा पहिला अर्ज सभासद निरक्षर म्हणून फेटाळला गेला होता, तेव्हा त्या स्त्रियांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर तोंडी व्याज काढून दाखविण्याची तयारी दर्शविली. आणि याच मुंबईत, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना 1986 पासून रोजची बचत गोळा करू लागली, तेव्हा अक्षर न ओळखणाऱ्या सभासदांसाठी रंगीत कागदाचे कपटे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत होती. रंगावरून रकमेची ओळख पटे. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत देखणी वाटते ती ही पिशवी.

मेघवाडीत जिच्या घरी मी बसले त्या गटाच्या सचिवबाईंपाशी मात्र पिशवी नव्हती, वह्या होत्या. मूळच्या राजापूरकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, दोन घरच्या पोळ्या करणाऱ्या. दहा सभासद, दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येकीचे पन्नास रुपये. म्हणजे आठवड्याचे पाचशे, वर्षाचे सव्वीस हजार. इतिवृत्ताची एक वही, जमाखर्चाची एक, कर्जखात्याची एक, आणि प्रत्येकीचे पासबुक. उशीर केला तर पाच रुपये दंड. पैसे बँकेत, आणि ते काढावयाचे तर दोघींच्या सह्या हव्यात.

मला खिळवून ठेवले ते कर्जखात्याच्या वहीतील एका रकान्याने. जमलेल्या रकमेतून गरजवंतीस कर्ज द्यावयाचे आणि त्यावर दरमहा शेकडा दोन व्याज घ्यावयाचे, हा गटाचा शिरस्ता. सहा हजारांचे कर्ज दहा हप्त्यांत फेडावयाचे, तर मुद्दलापोटी महिन्याला सहाशे. आता व्याज सरसकट सहा हजारांवर धरले तर महिन्याला एकशेवीसप्रमाणे दहा महिन्यांचे बाराशे होते. सचिवबाई मात्र दर महिन्यास ‘शिल्लक मुद्दल’ असा मथळा दिलेल्या रकान्यात नवा आकडा मांडतात आणि व्याज त्यावरच काढतात: पहिल्या महिन्यास एकशेवीस, दुसऱ्यास एकशेआठ, तिसऱ्यास शहाण्णव, असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यास बारा. बेरीज सहाशेसाठ. बाराशे आणि सहाशेसाठ यांतील पाचशेचाळीस रुपयांचा जो फरक, त्यासाठी ही बाई दर महिन्यास प्रत्येक कर्जाचा हिशेब नव्याने मांडते, कॅल्क्युलेटर असलेला मोबाइल शेजारी पालथा ठेवून. एकदा सरसकट आकारणीची सूचना आली होती, सोपे पडते म्हणून. “फेडलेल्या पैशावर व्याज कसलं घ्यायचं?” एवढेच त्या म्हणाल्या, आणि इतिवृत्तात तो विषय तेथेच मिटलेला दिसतो.

वर्षास चोवीस टक्के हा दर कमी नव्हे; बँकेत याहून स्वस्त मिळेल, हे उघड आहे. पण दरमहा शेकडा दहा घेणारा सावकार याच गल्लीत बसतो, बँक जामीन आणि कागद मागते, आणि गटाचे व्याज गटातच राहून गणपतीपूर्वीच्या वाटपात पुन्हा सभासदांच्याच पदरात पडते. तरीही माझ्या मनात एक शंका आली, ती मी विचारली. जिला कर्ज काढावे लागत नाही तिलाही व्याजाचा वाटा मिळतो. म्हणजे अधिक गरीब बाई कमी गरीब बाईस पैसे देते, नाही का? सचिवबाईंनी थोडा वेळ घेतला. “आज तिला लागत नाही. पण वर्ष फिरतं, ताई.” उत्तर पूर्णतः पटण्यासारखे नाही, परंतु दुसरे मजपाशीही नव्हते.

वह्यांहूनही मोलाची वाटली ती एक बोलण्याची रीत. शनिवारच्या त्या बैठकीस सभासदाचा तरणा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला आणि आईकडे दोनशे रुपये मागू लागला. तिच्या हातात नोटा होत्या, त्याला त्या दिसत होत्या. “हे गटाचे पैसे आहेत,” ती म्हणाली, आणि तो निमूट परतला. पैसे अद्याप तिचेच होते. वहीत चढलेही नव्हते. पण ‘माझे नाहीत’ असे म्हणण्याची सोय त्या चार शब्दांनी तिला करून दिली, आणि ती सोय डाळीच्या डब्यास कधीच करून देता आली नसती. गुप्ततेने जे साधले नाही ते दहाजणींच्या साक्षीने साधते. नकार तिचा, पण दोष गटाचा. साप्ताहिक बचतीचा सगळा चमत्कार, माझ्या मते, येथे आहे; पन्नास रुपयांत नाही.

आणि चिंतेचे कारणही नेमके येथेच आहे. याच गल्लीत आठवड्याच्या दुसऱ्या एका दिवशी, तशाच चटईवर, पुष्कळदा त्याच बायकांची आणखी एक बैठक भरते. तिला मीटिंग म्हणतात, आणि तिथे सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपनीचा ‘साहेब’ येतो, बहुधा पंचविशीतला मोटारसायकलस्वार. बांगलादेशात जोब्रा गावी 1976 मध्ये मुहम्मद युनूस यांनी जे आरंभिले त्याचे हे दूरचे वंशज: पाच-दहा जणींचा गट, परस्परांची हमी, ठरल्या वारी हप्ता. फरक एवढाच की येथे पैसा आत येत नाही, बाहेर जातो. एकीने हप्ता चुकविला तर उरलेल्यांनी भरावयाचा. आणि जी साक्ष शनिवारी ढाल होती तीच येथे तगाद्याचे हत्यार होते, कारण शेजारणीपुढे मान खाली जाऊ नये म्हणून बाई दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. 2010 मध्ये आंध्रात या धंद्याचा कडेलोट झाला आणि तेथील सरकारला अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. परंतु धुणीभांडी करणाऱ्या बाईचे उत्पन्न शेवटी कागदावर कोणीतरी अंदाजानेच लिहितो.

इतर अडचणी निरुपद्रवी दिसतात, तेवढ्या त्या नाहीत. 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार पात्र स्त्रियांच्या खात्यात थेट येऊ लागले, ही रक्कम गटातील एकीच्या महिन्याच्या बचतीहून कितीतरी मोठी. मग पन्नास रुपयांसाठी तासभर कशास बसावयाचे, असे एकदोघींना वाटू लागले आहे. दुसरे संकट इमारतींचे. झोपडपट्टी पुनर्वसनात चाळ पाडली की भाडे घेऊन कोणी नालासोपाऱ्यास जाते, कोणी दिव्यास, आणि घर परत मिळेपर्यंत लोटणारी वर्षे कोणाच्याच हाती नसतात. दूर गेलेल्या दोघी आता पन्नास रुपये फोनवरून धाडतात. सचिवबाईंनी ते चालवून घेतले आहे, पण महिन्यातून एकदा समोर येऊन सही केलीच पाहिजे, या अटीवर. केवळ फोनवरून येणारा पैसा म्हणजे, त्यांच्या मते, गट नव्हे.

मी उठण्याच्या बेतात असताना नव्या सभासदाचा अर्ज निघाला. अर्जदार बाईवर तीन कंपन्यांची कर्जे होती, आणि गटाकडून कर्ज घेऊन त्यांतील एक मिटवावे असा तिचा मानस तिने सरळ बोलून दाखविला. घेतले तर गटाची गंगाजळी कंपनीच्या घशात जाईल, असे चौघींचे मत. न घेतले तर ती चौथ्या कंपनीकडे जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक. खजिनदारबाईंनी सुचविले की सहा महिने नुसती बचत करू द्यावी, कर्ज नंतर पाहू. त्यावर कोणीतरी म्हणाले, सहा महिने तिचे हप्ते कोण थांबविणार? बोलणे वाढले, चहा गार झाला, आणि शेवटी सचिवबाईंनी इतिवृत्ताच्या वहीत अर्जदाराचे नाव लिहून त्यापुढे ‘विषय पुढील सभेवर’ अशी नोंद करून सर्वांच्या सह्या घेतल्या.