परक्या पेशी आणि आटलेले अश्रू
रक्ताच्या कर्करोगावर दात्याच्या मूळपेशींचे रोपण करण्याचा उपाय आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यशस्वी झाला. परंतु तो उपाय करून अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेल्या रोग्याच्या डोळ्यांत, प्रायः काही महिन्यांनी, वाळू गेल्यासारखी खुपखुप सुरू झाली, तर तिचा दोष पारनेर-जामखेडच्या उन्हाळी धुळीवर टाकून मोकळे होणे धोक्याचे. कारण दात्याच्या ज्या संरक्षक पेशींचा अंमल आता साऱ्या देहावर बसलेला असतो, त्याच यजमानाच्या अश्रुग्रंथींना परक्या मानून त्यांवर चालून जातात. मग अश्रू आटतात, पापण्यांतील तैलस्राव थांबतो आणि प्रसंगी बुबुळावरील पारदर्शक पटलास व्रण पडतात. स्वतःच्याच पेशी परत घेणाऱ्यास हे भय सहसा नसते.

परीक्षा विलक्षण साधी: खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवावयाची, ती पाच मिलिमीटरांहून कमी भिजली, तर कोरडेपणा तीव्र समजावा. उपचारांत कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरीनचे थेंब आणि, मला सर्वाधिक कौतुक वाटते ते याचे, रोग्याच्याच रक्तातील सीरमपासून सिद्ध केलेले थेंब. स्टेरॉइड व किरणोपचार यांमुळे येणारा मोतीबिंदू निराळा. तो शस्त्रक्रियेने निघतो, मात्र डोळ्याचा पृष्ठभाग आधी सावरावा लागतो.