भंगारात दडलेला काळ

पश्चिम दिल्लीतील मायापुरी म्हणजे भंगाराची मोठी बाजारपेठ. जुनी यंत्रे फोडायची, धातू वेगळा करायचा आणि विकायचा, यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. एप्रिल २०१० मध्ये या बाजारातील काही माणसे एकाएकी आजारी पडली. उलट्या, जुलाब, गळणारे केस, काळवंडलेली कातडी! तपासाअंती उलगडा झाला. भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ आला होता.

तो आला कुठून? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून! कॅनडातून आणलेले एक उपकरण तिथे १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये अडगळ म्हणून त्याचा लिलाव झाला. भंगार बाजारात त्याचे जड शिशाचे कवच फुटले आणि आतला कोबाल्ट उघडा पडला. एकाने तर त्याचा तुकडा पाकिटात घालून खिशात बाळगला. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. २६ एप्रिलला एका कामगाराने प्राण सोडला. हातावर पोट असलेल्या त्या माणसाला आपण काय फोडतो आहोत, हे कुणी सांगितलेच नव्हते.

कोबाल्ट-६० ची तीव्रता सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. पंचवीस वर्षांत ती जवळपास सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती, तरीही ती जीवघेणी ठरली. ‘जुने झाले, म्हणजे निरुपद्रवी झाले’ हा समज किती घातक, हे यावरून दिसते.

नियम नव्हते असे नाही. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्येच झाले होते. असा पदार्थ लिलावात काढता येत नाही. मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने तो उत्पादकाकडे किंवा अधिकृत केंद्राकडेच सोपवावा लागतो. उणीव होती ती नोंदींची आणि जबाबदारीची. उपकरण आणणारे निवृत्त होतात, कागद हरवतात आणि उरते ती नुसती ‘अडगळ’.

प्रयोगशाळा असो, दवाखाना असो की लहानसा कारखाना, जुनी वस्तू बाहेर काढण्यापूर्वी तीत काय आहे, हे जाणकाराकडून तपासून घ्यायलाच हवे. तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह दिसले, तर वस्तूला हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. आपल्या दारातून कचरा गेला, म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. तो शेवटी कुणाच्या तरी हातात पडतो, आणि त्या हातांवरही एक घर अवलंबून असते.