नांबूरचे अकाउंटंट आणि पोलिओचे दोन थेंब

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर नांबूर हे उसाचे गाव आहे. तेथील साखर कारखाना २००३ साली बंद झाला. तोवर ऊस वाहणारी छोटी आगगाडी भर बाजारपेठेतून कारखान्याकडे जात असे. या गावात क्लेम रेनुफ अकाउंटंट म्हणून काम करत. १९२१ साली इंगम येथे जन्म, महायुद्धात हवाई दलात नोकरी आणि पुढे आयुष्यभर लोकांचे जमाखर्च. १९४९ साली ते नांबूरच्या रोटरी क्लबचे सभासद झाले. पोलिओविरुद्धच्या जागतिक मोहिमेचे एक मूळ या गावापर्यंत पोहोचते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

१९७८-७९ साठी रेनुफ रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. हे पद एकाच वर्षाचे असते. शिवाय प्रत्येक क्लबने आपापल्या गावाची गरज ओळखून काम करावे, अशी रोटरीची जुनी रीत होती. सगळ्या जगाने मिळून एकच मोठे काम उचलावे हा विचार अनेक सभासदांना पटत नव्हता. तरीही रेनुफ यांनी आरोग्य, भूक आणि मानवता या तीन विषयांसाठी सामायिक निधीची योजना उभी केली.

याच काळात विमानप्रवासात त्यांच्या वाचनात देवी रोगाच्या निर्मूलनावरचा लेख आला. त्या मोहिमेला सर्व देशांचा मिळून सुमारे ३० कोटी डॉलर खर्च आला होता आणि १९७७ नंतर नैसर्गिक लागण थांबली होती. दरवर्षी पुन्हा उभा राहणारा खर्च वेगळा आणि एकदा करून कायमचा मिटणारा खर्च वेगळा, हा फरक ताळेबंद वाचणाऱ्या माणसाच्या चटकन लक्षात येतो. रेनुफ यांचे मोठेपण मला इथेच दिसते. त्यांनी अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञ आणि रोटेरियन डॉ. जॉन सीव्हर यांना विचारले, लशीने मुळासकट संपवता येईल असा दुसरा कोणता रोग आहे? सीव्हर यांचे उत्तर होते पोलिओ. त्याची लस तोंडावाटे देता येते, म्हणून सुईचा सराव नसलेला स्वयंसेवकही ती पाजू शकतो.

पहिला करार सप्टेंबर १९७९ मध्ये फिलिपिन्सशी झाला: पाच वर्षांत ६० लाख मुले, खर्च ७ लाख ६० हजार डॉलर. म्हणजे मुलामागे तेरा सेंटसुद्धा नाहीत. या अनुभवावर १९८५ साली रोटरीने जागतिक मोहीम जाहीर केली. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाखांची वचने मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलांना पक्षाघात होत होता.

पैसा जमला तरी लस उष्णतेला हळवी. पुढे कुपीच्या लेबलावर एक खूण आली: वर्तुळात फिकट चौकोन. कुपीला ऊब लागेल तसा तो गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला पोहोचला की कुपी बाद. फ्रीज मध्येच बंद पडला होता का, हे कुणाला विचारायची गरज उरली नाही. मुंबईत परळच्या हाफकिन या लसनिर्मिती संस्थेतूनही तोंडी लशीच्या कुप्या भरून जात. आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावत, आणि राहिलेल्या घरांसाठी पुढचे काही दिवस कार्यकर्त्या दारोदार फिरत.

भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. रेनुफ यांनी हे सारे पाहिले. जून २०२० मध्ये, ९९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात या विषाणूशी लढा अजून चालू आहे.