पिशवीवरील शाई का टिकते?

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबापोळी, फणसपोळी यांसारखे पदार्थ प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांतून विक्रीस जातात. पिशवीवरील तारीख पुसली गेल्यास माल ताजा की शिळा, हे ग्राहकास कळत नाही.

पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर शाई नीट पसरत नाही व घट्ट धरत नाही. यास्तव छपाईपूर्वी कारखान्यात या फिल्मवर उच्च दाबाच्या विजेची ‘कोरोना’ प्रक्रिया करतात. तीमुळे हवेतील प्राणवायू पृष्ठभागावरील रेणूंशी जोडला जातो व शाईस आधार मिळतो. बदल होतो तो केवळ वरच्या अतिसूक्ष्म थरात. फिल्मची बळकटी कायम राहते.

मात्र साठवणुकीत हा परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणून बचत गटांनी कोऱ्या पिशव्या घेताना नमुन्यावर शिक्का मारावा, तो वाळल्यावर चिकटपट्टी लावून ओढावी. शाई निघाल्यास तो साठा घेऊ नये.