घड्याळातले सोने: भरीव की मुलाम्याचे?

रोलेक्स कंपनीने १९३३ साली ‘रोलेसॉर’ हे नाव नोंदवले. सोने आणि पोलाद एकाच मनगटी घड्याळात नांदवण्याच्या तिच्या पद्धतीचे हे नाव. अशा घड्याळाची केस पोलादाची असते. काचेभोवतीचे कडे म्हणजे बेझल, बाजूची चावी आणि धातूच्या पट्ट्यातल्या मधल्या कड्या तेवढ्या सोन्याच्या. हे सोने १८ कॅरेटचे, म्हणजे शंभर भागांत पंचाहत्तर भाग शुद्ध. दुकानदार ज्याला ‘टू-टोन’ म्हणतात तो हाच प्रकार. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून खपणाऱ्या नकलांमध्येही तो हमखास असतो आणि तिथेही नेमके हेच तीन भाग सोनेरी दिसतात. विकणारा कधी ‘१८ कॅरेट’ म्हणतो, कधी ‘रिअल गोल्ड’. यातले दुसरे बऱ्याचदा अक्षरशः खरे असते. नकलेवर सोने असू शकते. प्रश्न ते किती असते याचा आहे, आणि त्याचे उत्तर घड्याळ हातात घेण्याआधी कागदावरच बरेचसे मिळते.

बेझलचाच हिशेब करावा. बाहेरचा व्यास ३६ मिलिमीटर, आतला ३०, जाडी दोन मिलिमीटर धरली तर त्याचे घनफळ ०.६ घनसेंटिमीटरच्या आसपास येते. काठावरच्या खाचा आणि आतला पोखरलेला भाग वजा करून अर्धा घनसेंटिमीटर धरू. १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची घनता साधारण साडेपंधरा. म्हणजे एका भरीव बेझलचे वजन पावणेआठ ग्रॅम आणि त्यात शुद्ध सोने जवळजवळ पाच ग्रॅम आठशे मिलिग्रॅम. २०२५ साली भारतात दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांवर गेला. तो लाखच धरला तरी एकट्या बेझलमध्ये अठ्ठावन्न हजारांचे सोने होते. चावी आणि मधल्या कड्या अजून बाकीच आहेत, मजुरीचा तर विषयच नाही. पंधरा-वीस हजारांना मिळणाऱ्या नकलेत हे सोने कुठून येणार?

आता त्याच बेझलवर फक्त मुलामा द्यायचा झाला तर? त्याचा सगळा पृष्ठभाग मिळून सुमारे दहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका थर चढवायला एकोणीस मिलिग्रॅम सोने लागते. वरच्याच भावाने ते एकशे नव्वद रुपयांचे झाले. थर एक दशांश मायक्रॉनचा असेल तर वीस रुपयांचेही नाही. डोळ्यांना मात्र तिन्ही बेझल सारखेच पिवळे दिसतात.

मुलामा चढवण्याची नेहमीची पद्धत विजेची. पोलादावर सोने थेट बसत नाही, कारण घड्याळाच्या पोलादात क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा पृष्ठभागावर कायम असतो. त्यावर चढवलेले सोने सालीसारखे सुटून येते. म्हणून आधी आम्लयुक्त द्रावणात निकेलचा पातळ हात दिला जातो. ते आम्ल पापुद्रा काढते आणि त्याच क्षणी निकेल जागा धरते. पितळेच्या भागालाही निकेल लागते, पण कारण वेगळे. पितळेतले तांबे सोन्याच्या पातळ थरातून हळूहळू वर झिरपते आणि काही महिन्यांत सोनेरी पृष्ठभाग काळपट-लाल होतो. मधले निकेल त्याला अडवते. मुलाम्याचे घड्याळ घालून काहींच्या मनगटाला खाज सुटते, त्यामागे पुष्कळदा घासल्यावर उघडे पडलेले हेच निकेल असते.

यानंतर तो भाग पोटॅशियम गोल्ड सायनाइडच्या द्रावणात ऋण टोकाला टांगतात. एका अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला तर या द्रावणातून जास्तीत जास्त ७.३५ ग्रॅम सोने बाहेर पडते. त्या हिशेबाने वरच्या बेझलवर एक मायक्रॉनचा थर यायला एक दशांश अँपिअरच्या प्रवाहाने दीड मिनिट पुरते. दहा सेकंद बुडवून काढला तरी तो सोनेरी होतोच. जुन्या मराठीत याला ‘सोन्याचे पाणी देणे’ म्हणत, आणि एवढ्या पातळ थराला पाणी हाच शब्द शोभतो. अमेरिकेतील नियमांनुसार ०.१७५ मायक्रॉनपेक्षा पातळ थराला ‘इलेक्ट्रोप्लेट’ म्हणण्याचीही मुभा नाही.

जाड मुलाम्याची घड्याळे फसवी होती असे मात्र नाही. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या घड्याळांच्या केसवर, पट्टा अडकतो त्या शिंगांच्या मधे किंवा मागच्या झाकणावर, ‘१० मायक्रॉन’, ‘२० मायक्रॉन’ असे ठसे आढळतात. कारखान्याने ग्राहकाला दिलेली ती उघड कबुली होती. वीस मायक्रॉनचा थर वर्षानुवर्षे टिकतो. अमेरिकेत ‘गोल्ड फिल्ड’ हा त्याहून दणकट प्रकार होता: पितळेवर सोन्याचा पत्रा उष्णतेने आणि दाबाने जखडायचा, आणि सोन्याच्या मिश्रधातूचे वजन एकूण वजनाच्या किमान विसाव्या भागाइतके ठेवायचे. ओमेगाने १९५०च्या आणि १९६०च्या दशकांत पोलादी केसवर सोन्याची जाड टोपी चढवलेली घड्याळे विकली, तीही तसे सांगूनच. महाराष्ट्रात ‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने घेणाऱ्यालाही आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते. भरीव सोन्याचे घड्याळ हवे असणाऱ्यासाठी टायटनची ‘नेब्युला’ ही १८ कॅरेटची मालिका भारतातच बनते. नकलेवर थराच्या जाडीचा ठसा नसतो. असला तरी तोही नकलेचाच भाग असतो.

अलीकडच्या नकलांत आणखी दोन शब्द कानावर पडतात. पहिला ‘पीव्हीडी’. यात निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून नायट्रोजनच्या सान्निध्यात ती पोलादावर बसवतात. तयार होणारे टायटॅनियम नायट्राइड मुळातच सोनेरी असते आणि त्यात सोन्याचा कणही नसतो. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट मिळतात, त्यांच्यावरचा लेप तो हाच. छटा अधिक खरी वाटावी म्हणून काही कारखाने त्यावर सोन्याचा अतिपातळ थर देतात. यातून एक उलटा प्रकार घडतो. १८ कॅरेट सोने मऊ असते, खऱ्या सोन्याच्या घड्याळावर वर्षभरात बारीक ओरखड्यांचे जाळे उठते; टायटॅनियम नायट्राइड मात्र त्याच्या कितीतरी पट कठीण असल्याने नक्कल नव्यासारखी राहते. चार वर्षे रोज वापरूनही ज्यावर ओरखडा नाही, त्या ‘सोन्या’कडे संशयानेच पाहावे.

दुसरा शब्द ‘रॅप्ड’, म्हणजे सोन्याने गुंडाळलेले. महागड्या नकलांविषयी असा दावा केला जातो की त्यांच्यावर नुसता मुलामा नसून १८ कॅरेटचे जाड आवरण आहे. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही, गोल्ड फिल्ड केस तशाच बनत. पण ‘रॅप्ड’ या शब्दामागे जाडीचे कोणतेही ठरलेले माप नाही. शिवाय तो खोटा निघाला तर दाद कुठे मागणार? भारताच्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार खोट्या व्यापारचिन्हाचा माल बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. कलम १०३ आणि १०४ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. ज्याचे नावच खोटे, त्याने सांगितलेल्या मायक्रॉनची हमी कोण देणार!

हातातल्या घड्याळाची परीक्षा घड्याळजी झिजेपासून सुरू करतो. मुलामा सगळीकडे सारखा झिजत नाही. शिंगांच्या कडा, बेझलच्या खाचांचे उंचवटे, चावीचे दात आणि टेबलावर रोज घासणारी लॉकची बाजू या जागा आधी उघड्या पडतात. डोळ्याला आयग्लास लावून पाहिले की कडेवर बारीक पांढरी रेघ दिसते. ते पोलाद किंवा निकेल. तांबूस-पिवळा, किंचित मळकट ठिपका दिसला तर खाली पितळ. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू होतो, फरक इतकाच की हल्ली पितळेच्या जागी बहुधा पोलाद उघडे पडते.

घड्याळ नवे असेल तर झीज सापडत नाही. मग पट्ट्याची एक कडी सोडवावी लागते. कडीतली पिन किंवा स्क्रू काढला की आरपार भोक मोकळे होते, आणि मुलामा सर्वांत कच्चा असतो तो तिथेच, कारण खोल, अरुंद भोकात विजेचा प्रवाह नीट पोचत नाही. भोकाच्या तोंडाशी सोनेरी आणि आत पांढरट रंग दिसला तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. भरीव कडीचे भोक आतपर्यंत एकाच रंगाचे असते.

सुटलेल्या त्याच कडीवर आर्किमिडीजचा प्रयोगही करता येतो. मिलिग्रॅम मोजणाऱ्या काट्यावर भरीव सोन्याची कडी हवेत १.५५ ग्रॅम भरली आणि दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलली तेव्हा १.४५ ग्रॅम भरली, तर फरक ०.१० ग्रॅमचा, १.५५ ला ०.१० ने भागले की घनता साडेपंधरा. त्याच आकाराची पोलादी कडी हवेत अवघी ०.८० ग्रॅम भरेल आणि घनता आठच्या आसपास येईल. इतक्या अंतरात चूक होण्याला वाव नाही. अख्ख्या घड्याळावर हा प्रयोग चालत नाही, कारण आतले यंत्र, काच आणि बंदिस्त हवा हिशेब बिघडवतात, आणि पाणी आत शिरण्याची धास्ती असतेच. जुन्या खऱ्या टू-टोन घड्याळांतल्या काही मधल्या कड्या पोकळ असत. त्या सोन्याच्याच असल्या तरी हातात हलक्या लागतात. नुसत्या वजनावरून अस्सल घड्याळाला नकली ठरवण्याची चूक तिथेच होते.

चुंबक लावून पाहणे हा अनेकांचा आवडता उपाय फारसा उपयोगाचा नाही. सोन्याला चुंबक धरत नाही हे खरे, पण पितळेलाही धरत नाही, आणि घड्याळात वापरतात ते ३१६एल जातीचे पोलादही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही.

सोनाराची कसोटी जुनी आणि भरवशाची. पण ती वरच्यावर घासली तर मुलाम्याचाच कस निघतो. दगडावर रेघ ओढून त्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला आणि रेघ टिकली, तर एवढेच कळते की बाहेरचा थर सोन्याचा आहे. आतले जाणायचे तर न दिसणाऱ्या जागी कानसेने खाच पाडावी लागते, आणि त्याला घड्याळाचा मालक सहसा तयार होत नाही. सराफांकडचा कॅरेटमीटर क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखतो आणि ओरखडाही उमटवत नाही. सोन्याच्या थरात तो सुमारे दहा मायक्रॉन खोलवर पाहू शकतो. पातळ मुलामा असेल तर सोन्याबरोबर पडद्यावर लोह, क्रोमियम आणि निकेल उमटतात. १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात लोखंड-क्रोमियमला काही काम नसते; तिथे चांदी आणि तांबे हवे. ३एन या छटेच्या मिश्रधातूत हजार भागांत ७५० सोने, १२५ चांदी आणि १२५ तांबे असते. गुलाबी ५एनमध्ये तांबे २०५ आणि चांदी फक्त ४५. मात्र थर वीस मायक्रॉनचा असेल तर हे यंत्रही फसते आणि निमूटपणे ‘७५०’ दाखवते.

ठशांवर तर सर्वांत कमी विसंबावे. स्वित्झर्लंडमध्ये मौल्यवान धातूच्या घड्याळाच्या केसवर सरकारी ठसा सक्तीचा आहे. १९९५पासून तो सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाचा आहे. त्याआधी १८ कॅरेटसाठी हेल्वेशिया देवीचे मस्तक आणि १४ कॅरेटसाठी खार असे. नकलेवर हे कुत्रे आणि ‘७५०’ दोन्ही सर्रास असतात. भारतात १६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडीही आला. पण त्या सक्तीतून सोन्याची घड्याळे आणि फाउंटन पेन वगळली आहेत. त्यामुळे पाटल्या-बांगड्या घेताना जे साधन प्रत्येक गृहिणीच्या हाती आहे, ते घड्याळ घेणाऱ्याला आपोआप मिळत नाही.

नकलेच्या दुनियेत भरीव सोने अगदीच नसते असेही नाही. खऱ्या पोलादी घड्याळावर बाहेरच्या कारागिराने बनवलेले १४ किंवा १८ कॅरेटचे बेझल आणि चावी बसवण्याचा धंदा जुना आहे. त्यातले सोने खरे, यंत्र खरे, फक्त ते घड्याळ कारखान्यातून तसे निघालेले नसते. असे भाग नकलेवरही चढवले जातात, आणि तेव्हा भागाची किंमत उरलेल्या घड्याळाच्या कितीतरी पट होते. हे झाले बाहेरच्या भागांचे. नकलेच्या आतल्या यंत्रात मात्र भरीव सोने जवळपास कधीच सापडत नाही. पाटेक फिलिपच्या १९७७च्या ‘२४०’ या यंत्रातले छोटे फिरते वजन २२ कॅरेट सोन्याचे आहे, कारण एवढ्याशा आकारात भार हवा. नकलेत त्याच जागी सोनेरी पितळ किंवा टंगस्टन येते. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने तिथे ते कामही चोख करते.

मुलामा उडाल्यावर तो पुन्हा चढवता येतो, पण आधी उरलेला थर काढून, पृष्ठभाग घासून, नव्याने निकेल द्यावे लागते. या घासण्यात बेझलच्या खाचा बोथट होतात. जुन्या थरातले सोने गोळा करायला कुणी बसत नाही. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोने वेचणारा झारेकरीही अशा नकलेला हात लावत नाही. तिच्यातून निघणाऱ्या दहा-वीस मिलिग्रॅमपेक्षा आम्लाचाच खर्च जास्त होतो.